पोकळीतले रहिवासी

नीलपंखाच्या पिसात निळा रंग नसतो. ते पीस खलात कुटलं तर निळं काही हाती लागणार नाही, काळपट तपकिरी भुकटी लागेल. पीस ज्या प्रथिनाचं बनलेलं असतं त्या केराटिनमध्ये एक सच्छिद्र जाळी असते आणि तिच्यात डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या हवेच्या पोकळ्या असतात. उजेड त्या पोकळ्यांवरून विखुरतो आणि त्यातला निळा तेवढा आपल्याकडे परत येतो. खालचा मेलॅनिन या रंगद्रव्याचा गडद थर उरलेला उजेड गिळून टाकतो, म्हणून ते निळं इतकं स्वच्छ दिसतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतल्या कॅव्हनसाइट या खनिजाचं वेगळं आहे. तो कुटला तर पूड फिकी होईल, पण निळीच राहील. त्याचा निळा व्हॅनेडियम या धातूचा, कणाकणात मुरलेला.

या दोघांना मी एका कागदावर रंगवलं. माझ्या पक्षी-खनिजांच्या मालिकेतलं ते सगळ्यात कष्टाचं चित्र. मालिका कशी घडत गेली हे सांगायचं तर त्याच चित्राभोवती फिरावं लागेल.

मी पुण्यात राहते. पोटापाण्यासाठी वनस्पतींची शास्त्रीय चित्रं काढते, पक्षी हा त्याहून जुना नाद. हल्लीच्या वन्यजीव चित्रांमध्ये देशी पक्षी आणि खनिजं एकत्र आलेली दिसतात, तशी ती मलाही खुणावत होती. पण या जोड्या बहुतेक वेळा रंगावरून जुळवलेल्या असतात. निळ्या पक्ष्याला निळा खडा, हिरव्याला हिरवा. चित्र देखणं होतं यात शंका नाही, पण त्यातला पक्षी आणि दगड एकमेकांना ओळखत नाहीत. कॅनडातला पक्षी आणि ब्राझीलचा खडा यांना शेजारी बसवणारा धागा फक्त रंगपेटीतला असतो. मला असा धागा हवा होता, जो चित्र काढायच्या आधीपासून जमिनीत असेल.

तो एका खडीच्या खाणीत सापडला. पुण्याच्या पूर्वेला खाणींचा मोठा पट्टा होता, अजूनही थोडा उरला आहे. तिथे जायला मालकाची परवानगी लागते आणि सुरुंगाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. खाणीच्या वरच्या अंगाला मातीखाली मुरमाचा थर असतो आणि त्याखाली काळा पाषाण. त्या मुरमाच्या उभ्या दरडीत वेड्या राघूंची बिळं होती. खाली, नुकत्याच फोडलेल्या दगडात, वितभर रुंदीची एक पोकळी उघडी पडली होती आणि तिच्या भिंतींवर स्फटिक लखलखत होते. मुकादमांनी मला हाताने थांबवलं. "ताई, तिकडं नका जाऊ, वरचा दगड सैल हाय. पोकळी लागली की आमी बी जरा दमानं घेतो."

वर बिळातून राघू ये-जा करत होते, खाली दगडाच्या पोटातली खोली पहिल्यांदाच उजेड बघत होती. दोन्ही एकाच दरडीत, एकमेकांपासून दोन-अडीच पुरुष अंतरावर. मालिकेचा नियम तिथेच ठरला. पोकळीत घर करणारे पक्षी आणि पोकळीत वाढलेली खनिजं, एवढ्यांनाच जागा.

दख्खनच्या पठारावर हा नियम सहज पेलतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरत गेले. लाव्हा निवताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे आतच अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने आजूबाजूची द्रव्यं विरघळवून या पोकळ्यांमध्ये आणून ठेवली, आणि त्यातून स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट, ओकेनाइट असे स्फटिक सावकाश वाढले. विहिरी खोदणारे लोक अशा पोकळ्या भरलेल्या दगडाला मांजऱ्या म्हणतात. जगभरातल्या खनिजसंग्रहांत पुणे, नाशिक, जळगाव ही नावं चिठ्ठ्यांवर दिसतात ती याच दगडामुळे. कॅव्हनसाइट पहिल्यांदा १९६७ साली अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये सापडला आणि १९७३ मध्ये नवं खनिज म्हणून त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, पण डोळे दिपवणारे नमुने आले ते आपल्या वाघोलीतून. पुणे-नगर रस्त्याने रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना याची कल्पना नसते, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

पक्ष्यांची यादीही आपोआप होत गेली. नीलपंख झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. वेडा राघू बीळ खणतो. तांबट वाळक्या फांदीला स्वतः भोक पाडतो. राखी धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते. रानपिंगळाही ढोलीतलाच. हरियाल मात्र बाहेर राहिला. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी, दिसायला अतिशय सुंदर आणि हिरव्या अपोफिलाइटला रंगाने शोभणारा, म्हणून त्याचं चित्र काढा असा आग्रह अनेकांनी केला. पण हरियाल काटक्यांचं उघडं, विरळ घरटं बांधतो. त्याला घेतलं असतं तर नियमाला अर्थ उरला नसता.

पक्षी बघून रेखाटणं हा या कामाचा सगळ्यात लांबलेला भाग. नीलपंखासाठी मी हिवाळ्यात सासवड-जेजुरीकडच्या माळांवर जात असे. तारेवर बसलेला नीलपंख दुरून बघणाऱ्याला फसवतो, पंख मिटलेले असले की तो चांगलाच मातकट दिसतो. छातीचा रंग फिक्या विटकरीला जांभळ्याची छटा दिल्यासारखा, त्यावर पांढुरक्या रेघा, डोळ्याभोवती पिवळसर उघडी कातडी. मग तो टोळावर झेप घेतो आणि पंखांतले फिके-गडद निळे पट्टे एकदम उघडतात. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सूर्यासमोर उडणाऱ्या पक्ष्याने. उजेड पंखातून आरपार येत असला की निळं विझतं आणि पंख तपकिरी दिसतो. निळं फक्त परावर्तित उजेडात आहे, आरपार येणाऱ्या उजेडात नाही. पुस्तकात वाचलेली गोष्ट माळावर डोळ्यांसमोर घडताना बघितली आणि चित्र कसं रंगवायचं हे तिथेच अर्धं ठरून गेलं.

वेड्या राघूसाठी वेगळी पथ्यं पाळावी लागली. जीवशास्त्रज्ञ डॉ. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पक्ष्यावर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस जिथे उभा आहे तिथून घरट्याचं तोंड त्याला दिसत असेल तर राघू आत जायला कचरतो. तेवढ्याच अंतरावर, पण तोंड आडोशाला जाईल अशा जागी माणूस उभा असेल तर तो कमी कचरतो. समोरच्याला काय दिसतंय याचा अंदाज हा एवढासा पक्षी घेतो. हे कळल्यावर बिळासमोर बसून रेखाटणं मला पटेना. चोचीत चतुर धरून तारेवर ताटकळणारा राघू माझ्यामुळे ताटकळत असेल, तर आत पिल्लं उपाशी असतात. म्हणून मी दरडीला समांतर, मुरमाच्या ढिगाआड बसायची. बिळाचं तोंड मला दिसत नसे, पण पक्षी बिनघोर येत-जात. बिळाच्या तोंडाची रेखाटनं मी पावसाळ्यानंतर केली, तेव्हा बिळं रिकामी होती.

पिसं घरी आणत नाही. कायद्याने तसं करता येत नाही आणि त्याची गरजही पडत नाही. पडलेलं पीस दिसलं तर तिथेच बसून रेखाटायचं, जवळून फोटो घ्यायचा आणि जागच्या जागी सोडायचं. बारकावे बघायला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं निसर्गविज्ञान दालन उपयोगी पडलं. जुन्या भरलेल्या पक्ष्यांचे पिवळे-लाल रंग वर्षानुवर्षांच्या उजेडाने उतरतात, पण रचनेतून आलेलं निळं बरंचसं टिकून असतं. चोच, पाय, डोळ्याभोवतीची कातडी यांच्यासाठी मात्र जिवंत पक्षीच बघायला हवा.

खनिजांच्या बाबतीत मी ठरवलं की विकत घ्यायचं नाही, उसनं आणायचं. पुण्यातले काही संग्राहक विश्वासाने खडे देतात, बाकी बघायला सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे. आपल्याच जमिनीतून एवढं निघतं हे मुलांना दाखवायला तिथे एकदा जाऊन यावंच. उसना खडा घरी असला की झोप सावध होते. स्कोलेसाइटच्या सुया श्वासानेही हलतील की काय असं वाटतं, ओकेनाइटच्या पांढऱ्या गोळ्यांना बोट लावायचं नाही, आणि यातल्या बऱ्याच खनिजांच्या रचनेत पाणी असल्यामुळे तापणारा दिवा त्यांच्यावर सोडायचा नाही. मी उत्तरेकडच्या खिडकीत, दिवसाच्या उजेडात काम करते. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात कॅव्हनसाइट हिरवटतो आणि सगळी गणितं बिघडतात.

आता ते चित्र. कागद सुती, ३०० जीएसएमचा, गुळगुळीत पोताचा, २२ बाय ३० इंचांचा, पाटावर ओला करून ताणलेला. पहिला प्रश्न मापाचा होता. नीलपंख टोकापासून टोकापर्यंत फूटभर, तर कॅव्हनसाइटचं एक फुलोरं जेमतेम सेंटिमीटरभर. खड्यावर पक्षी बसवायचा नाही हे आधीच पक्कं होतं, कारण नीलपंख खड्यावर बसत नाही. तो बाभळीच्या वाळक्या खुंटावर बसतो. मग मी कागद जमिनीच्या छेदासारखा विभागला. वरच्या भागात खुंटावरचा पक्षी जिवंत मापाचा, मध्ये गवत, माती आणि मुरूम, आणि खाली काळ्या पाषाणात उघडलेली पोकळी, तिच्यातला खडा दहापट मोठा. शास्त्रीय चित्रात देतात तशी बारीक मापपट्टी दोन्ही भागांच्या कडेला दिली, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होणार नाही.

मोगल दरबारातल्या उस्ताद मन्सूरपासून कलकत्त्यात ब्रिटिश न्यायाधीशांच्या पत्नी लेडी इम्पे यांच्यासाठी पक्षी रंगवणाऱ्या शेख झैनुद्दीनपर्यंत आपल्याकडे पक्षीचित्रांची मोठी परंपरा आहे. झैनुद्दीनचे पक्षी पांढऱ्या कोऱ्या कागदावर, एखाद्या फांदीच्या आधाराने उभे असतात. त्यांची पिसं बघताना हात जोडावेसे वाटतात. पण त्या पांढऱ्या कागदामुळे पक्षी जमिनीपासून सुटतो, आणि मला नेमकी ती जमीनच हवी होती.

पक्ष्याचं निळं मी काळोखातून वर आणलं. पंखाच्या निळ्या पट्ट्यांवर आधी सेपिया आणि अल्ट्रामरीन मिसळून गडद तपकिरी थर दिला आणि तो पूर्ण वाळू दिला. त्यावर गुआश या अपारदर्शक जलरंगातला झिंक व्हाइट, दुधाच्या पाण्याइतका पातळ, कोरड्या ब्रशने ओढला. गडद रंगावर पांढऱ्याचा विरळ थर बसला की तो आपोआप निळसर दिसू लागतो, पांढऱ्यात निळ्याचा एक थेंबही न घालता. चित्रकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे आणि कारणही पिसातल्यासारखंच, बारीक कणांवरून विखुरणारा उजेड. त्या निळसर धुक्यावर मग कोबाल्ट टर्क्वॉइजचा पारदर्शक हात आणि गडद पट्ट्यांवर अल्ट्रामरीनला किंचित जांभळा. शून्य नंबरच्या ब्रशने पिसाचा एकेक तंतू वेगळा काढताना खालचं तपकिरी मधेमधे डोकावू दिलं. त्याने पंखाला वजन आलं. नुसत्या निळ्या रंगाने भरलेला पंख कागदावर चिकटवलेला दिसतो, हे माझ्या जुन्या रेखाटनांच्या वह्या उघडल्या की लगेच जाणवतं.

खड्याचं निळं उलट्या दिशेने आलं. तिथे पांढरा रंग पूर्ण वर्ज्य. पांढरं म्हणजे फक्त कागद. कॅव्हनसाइटच्या फुलोऱ्यात स्फटिकांची पाती मध्यापासून सगळीकडे पसरतात, टोकाशी पातळ आणि उजळ, आत खोल आणि गडद. चमकणारी टोकं मास्किंग फ्लुइडने, म्हणजे कागदाला रंग न लागू देणाऱ्या द्रवाने, झाकली. त्यावर थॅलो टर्क्वॉइजचा अगदी पातळ हात, वाळल्यावर दुसरा, मग तिसरा, प्रत्येक वेळी थोडी थोडी जागा सोडत. उजेड रंगातून आरपार जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. खऱ्या स्फटिकातही उजेड आत शिरून रंग घेऊनच बाहेर येतो. शेवटी दोन पात्यांमधल्या सांदीत थॅलो ब्लू आणि जराशी इंडिगो. ज्या स्टिलबाइटवर हे फुलोरं बसलं होतं त्याच्या फिक्या गुलाबी-केशरी पेंढ्या शेवटी केल्या. त्या आधी झाल्या असत्या तर निळ्याचा ओला हात त्यांच्यावर ओघळायचा धोका होता.

एकाच कागदावर एक निळा अंधारातून वर आलेला, दुसरा पांढऱ्यातून खाली उतरलेला. दुरून बघणाऱ्याला दोन्ही जवळजवळ सारखे वाटतात. चार पावलं पुढे आल्यावर पक्ष्याचं निळं मऊ, पृष्ठभागावर थांबलेलं दिसतं आणि खड्याचं निळं आत खोल जातं. हा फरक दिसावा म्हणून तर सगळा खटाटोप. जोडी रंगावरून जुळवली असती तर दोन्हींना एकच निळा लावून मोकळी झाले असते.

पाषाण रंगवताना तयार काळा वापरला नाही, तो निर्जीव दिसतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचं मिश्रण कागदाच्या पोतात दाणेदार बसतं आणि दगडाची खर आपोआप येते. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये जो लालसर गेरूचा पट्टा असतो, तो मी खऱ्या गेरूनेच रंगवला. घाटरस्त्याच्या कडेला पडलेलं त्याचं ढेकूळ आणून, कुटून, धुवून घेतलं होतं.

इथून मला स्वतः रंग बनवण्याची गोडी लागली. पोकळ्यांच्या भिंतींना कित्येकदा हिरवट-निळसर मऊ पापुद्रा असतो, तो सेलॅडोनाइट. अजिंठ्याच्या चित्रांमधला हिरवा रंग या जातीच्या हिरव्या मातीचा आहे. तिथले बहुतेक रंग आसपासच्या दगडमातीतले, लाजवर्द हा निळा दगड मात्र दूरवरून, अफगाणिस्तानाकडून आलेला. म्हणजे आपल्याकडच्या चित्रकारांनी बसाल्टाच्या, म्हणजे याच काळ्या पाषाणाच्या, पोकळीत हात घातला त्याला पंधराशे वर्षं होऊन गेली. फुटक्या, कुणाला नको असलेल्या तुकड्यांवरचा सेलॅडोनाइट मी सुरीने खरवडते, तोंडाला मास्क बांधून अगेटच्या खलात घोटते, पाण्यात ढवळते, जड खर तळाशी बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या वाटीत निथळून घेते आणि त्याचा साका वाळवते. मग काचेवर बाभळीच्या डिंकाचं पाणी, थोडा मध आणि लवंगेच्या तेलाचा थेंब घालून पुन्हा घोटायचं. हा रंग झाकत नाही आणि भडकही होत नाही. राखेत हिरवं मिसळावं तसा तो शांत बसतो. तांबटाच्या पाठीवर सावलीचा पहिला हात मी याचाच दिला आणि त्याच चित्रातल्या पोकळीची भिंतही यानेच रंगवली. छातीवरचा लाल आणि गळ्याचा पिवळा त्यामुळे कुठेही न ओरडता उठून आले.

वेड्या राघूच्या चित्रात मी हिरवा अपोफिलाइट घेतला. इथे एक गोष्ट मला फार आवडते. पुण्याकडच्या अपोफिलाइटचं हिरवंही व्हॅनेडियमचंच आहे. एकाच मूलद्रव्याने एका खनिजाला निळं केलं आणि दुसऱ्याला हिरवं. पक्ष्यांमध्येही तसंच काहीसं घडतं, बहुतेक हिरव्या पक्ष्यांचं हिरवं म्हणजे रचनेतून आलेल्या निळ्यावर पिवळ्या रंगद्रव्याची झाक. अपोफिलाइट रंगवणं म्हणजे कडा रंगवणं. तो इतका पारदर्शक असतो की स्वतःचं रूप त्याला जवळजवळ नसतंच, मागचा दगड मोडून, सरकून दिसतो तेवढाच. फक्त माथ्याचं सपाट पृष्ठ मोत्यासारखं झळकतं. बाह्यरेषा काढायचा मोह आवरला की तो कागदावर उभा राहतो. राघूचं बीळ मी आडव्या छेदात दाखवलं. लांब बोगदा, शेवटी रुंद होणारी खोली, आत गवताच्या अंथरणाचा पत्ता नाही, उघड्या मातीवर पांढरी अंडी. खालच्या पोकळीत अपोफिलाइटशेजारी ओकेनाइटचे पांढरे गोळे ठेवले. अंधारात राहणाऱ्यांना लपवणारे रंग लागत नाहीत, म्हणून पोकळीत घालणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांची अंडी पांढरी असतात.

धनेशाचं चित्र लवकर झालं, कारण त्याची मांडणी पक्ष्यानेच करून दिली होती. विष्ठा आणि फळांचा गर लिंपून मादी ढोलीचं तोंड आतून बंद करते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर त्या फटीतून उंबरं-वडाची फळं भरवतो. खाली मी न फोडलेला दगड रंगवला. त्याला एक बारीक चीर आणि चिरेतून दिसणाऱ्या स्कोलेसाइटच्या दोन-चार सुया, एवढंच. आत काय आहे ते दाखवलं नाही. मालिकेतलं माझं सर्वात आवडतं चित्र हेच, जरी त्यात रंग सगळ्यात कमी आहेत.

चित्रं बालगंधर्व कलादालनात लावली तेव्हा खाणीतले मुकादम घरच्यांना घेऊन आले होते. राघूच्या चित्रासमोर उभं राहून त्यांनी बायकोला मुरूम कुठे संपतो आणि पाषाण कुठे सुरू होतो ते बोटाने दाखवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, दगडाची आडवी चीर बरोबर काढली, पण इथं एक उभी पायजे. तिथूनच पाणी येतं ना." त्यांचं म्हणणं पटलं. पुढच्या चित्रांत मी पोकळीपर्यंत पोचणारी एक उभी चीर आठवणीने काढते, कारण पोकळी भरणारं पाणी कुठल्या तरी वाटेनेच आलं असणार.

एका दालनाने सुचवलं होतं की प्रत्येक चित्राखाली तसाच एक खडा विक्रीला ठेवावा, चित्रंही पटापट जातील. मी नको म्हटलं. हे खडे पुन्हा उगवत नाहीत. वाघोलीत ज्या जागी खाणी होत्या तिथे आता इमारती दाटत चालल्या आहेत आणि नीलपंखाच्या माळांवर प्लॉटचे दगड लागले आहेत. घर सजवायला खडा नेणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, पण माझ्या चित्राने त्याला तिकडे ढकलू नये एवढं मला वाटतं.

सध्या पाटावर रानपिंगळा आहे. १८८४ नंतर त्याची खात्रीशीर नोंद नव्हती. तो संपला असंच धरलं गेलं होतं. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी अभ्यासकांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. माथ्यावर जवळजवळ ठिपके नसलेला, पोटाशी पांढरा, दिवसाढवळ्या शेपटी हलवत बसणारा हा छोटा पिंगळा आपल्या मातीत एकशे तेरा वर्षं कुणा अभ्यासकाच्या नजरेला न पडता राहिला. पक्ष्याची रेखाटनं झाली आहेत, सागाची ढोलीही झाली आहे. कागदाचा खालचा तिसरा हिस्सा अजून कोरा आहे.

माझ्याकडे जळगावचा एक सुरेख स्टिलबाइट उसना आलेला आहे, त्याच्या तपकिरी पेंढ्या पिंगळ्याच्या पंखांवरच्या पट्ट्यांना अगदी शोभतील. पण जळगाव म्हणजे शहादा नव्हे. मला शहादा-तळोद्याच्या बाजूचाच दगड हवा आहे, भले तो मळका, फुटका, स्फटिक जेमतेम दिसणारा असो. तिकडच्या एका शिक्षकांशी बोलणं झालं आहे. उन्हाळ्यात विहिरींची कामं निघतात तेव्हा डबरातून मांजऱ्याचे तुकडे बाहेर पडतात, ते बाजूला काढून ठेवायला त्यांनी दोन शेतकऱ्यांना सांगितलंय. तोवर स्टिलबाइट परत करून टाकणार आहे.